कुर्डुवाडीला गाडी बदलताना

लातूरहून मुंबईला जायचं म्हणजे कुर्डुवाडीला गाडी बदलायची, हे आमच्या पिढीच्या अंगवळणी पडलेलं होतं. बार्शी लाइट रेल्वेची ती बुटकी गाडी अडीच फुटांच्या रुळांवरून डुलतडुलत निघायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढाच तुकडा सुरू केला. तो वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोचला. पुढं देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारजमा झाली, पण रूळ तेवढेच राहिले. कुर्डुवाडीला मुंबई-मद्रास मोठी लाइन. तिथं ट्रंका, वळकट्या, पोरं आणि आजीला घेऊन उतरायचं आणि मोठ्या गाडीची वाट बघत बसायचं. मालाचंही तेच. पोती एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायची. छोट्या गाडीला मुंबई कुठं आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. कुर्डुवाडी गाठून दिली की तिचं काम संपलं. मोठ्या गाडीलाही लातूरशी देणंघेणं नव्हतं. दोघींची गाठ पडायची ती त्या एका फलाटावर, आणि प्रवासातला सगळा घोळ व्हायचा तोही तिथंच.

संगणक चालू करतो तेव्हा आत नेमकं हेच घडतं. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटासा प्रोग्रॅम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात. त्याला विंडोज कळत नाही, लिनक्स कळत नाही, फाइल म्हणजे काय हेही कळत नाही. डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलायचे, मेमरीत ठेवायचे आणि सूत्रं त्यांच्या हाती द्यायची, एवढंच तो जाणतो. त्या ५१२ मधले शेवटचे दोन बाइट म्हणजे 'हे ठिकाण बरोबर आहे' अशी खूण. त्याआधीचे ६४ बाइट म्हणजे डिस्कच्या चार वाटण्यांची नोंद. उरले ४४६. एवढ्याशा जागेत काय मावणार? हा परिच्छेद तुम्ही वाचताय, तोसुद्धा तिथं बसायचा नाही. म्हणून ते ४४६ बाइट फक्त पुढच्या तुकड्याचा पत्ता सांगतात. लिनक्सच्या यंत्रांत हल्ली तो पुढचा तुकडा बहुधा पहिल्या वाटणीच्या आधीच्या मोकळ्या पट्ट्यात दडलेला असतो. फाइली वाचायची अक्कल त्याला असते. तो आपले बाकीचे भाग डिस्कवरून मागवून घेतो, पडद्यावर यादी दाखवतो आणि 'कुठं जायचं?' म्हणून विचारतो. या सगळ्या साखळीला बूट लोडर म्हणतात. रोज संगणक वापरणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना तो असतो हेही माहीत नसतं, आणि ते ठीकच आहे. कुर्डुवाडीच्या स्टेशनमास्तरचं नाव तरी कुणाला ठाऊक होतं?

माझी त्याच्याशी ओळख झाली ती पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडींमुळं. नव्वदच्या दशकात लातूरमध्ये इंटरनेट म्हणजे ऐकीव गोष्ट होती. लिनक्स पाहायचं तर त्या सीडीची वाट बघायची. तेव्हाच्या बूट लोडरचं नाव होतं लिलो. तो सुरू होताना आपल्या नावाची अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचा, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी पार झाल्याची खूण असायची. चारही आली तर गंगेत घोडं न्हालं. 'एल आय' इतकंच येऊन थांबलं तर समजायचं, पहिला तुकडा दुसऱ्यापर्यंत पोचला पण पुढं काही हललं नाही. मला ही रीत अजूनही आवडते. आजकालची यंत्रं गोल गोल फिरणारं चक्र दाखवतात आणि आत काय चाललंय ते सांगत नाहीत. लिलो निदान कुठल्या पायरीवर पाय घसरला ते सांगायचा.

त्याचा दोष वेगळाच होता. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमका कोणत्या जागी पडलाय त्या जागांचे आकडे तो लिहून ठेवायचा. नवा कर्नल टाकला की 'लिलो' ही आज्ञा पुन्हा द्यायची, म्हणजे तो नव्यानं आकडे टिपून घेणार. विसरलात तर दुसऱ्या दिवशी तो जुन्याच जागी जाऊन धडकायचा. ग्रब आला आणि ही कटकट मिटली. एरिक बोलेन यांनी तो १९९५ मध्ये लिहायला घेतला, १९९९ मध्ये तो जीएनयू प्रकल्पात गेला. ग्रबला फाइल वाचता यायची. त्याला आकडे नकोत, फाइलचं नाव पुरे.

पण कोणत्या डिस्कवरची फाइल? तिथं पत्ता आलाच. जुना ग्रब डिस्कही शून्यापासून मोजायचा आणि तिच्यावरच्या वाटण्याही शून्यापासून. ग्रब २ आला तेव्हा डिस्क शून्यापासूनच राहिल्या, वाटण्या मात्र एकपासून सुरू झाल्या. म्हणजे कालची शून्य-शून्य आज शून्य-एक. ज्यांनी आपली यादी हातानं लिहिली होती त्यांना हा बदल चांगलाच लक्षात राहिलाय. त्याच सुमारास लिनक्सनंही डिस्कची नावं बदलली. जुन्या केबलवरच्या डिस्कला आधी एचडीए म्हणायचे. २००७ च्या आसपास नव्या कर्नलांत तीच डिस्क एसडीए झाली. यंत्र तेच, डिस्क तीच, तिच्यावरची अक्षरन् अक्षर माहिती तीच. पण बूट लोडरच्या फाइलीत 'मूळ फाइली एचडीए-एकवर' असं लिहिलेलं, आणि नव्या कर्नलच्या लेखी त्या नावाचं कुणी नाहीच. पडद्यावर 'कर्नल पॅनिक' आणि सगळं ठप्प.

शेवटी सगळ्यांनी धडा घेतला तो यूयूआयडीचा. लिनक्सची वाटणी फॉरमॅट होतानाच तिला छत्तीस खुणांचा एक लांबलचक क्रमांक मिळतो. तो कोणत्या केबलवर लावली, पहिली की दुसरी, यावर अवलंबून नसतो. डिस्क इकडची तिकडं केली तरी तो तिच्यासोबत जातो. वाचायला कुरूप, पाठ होणं अशक्य, आणि तरीही मला विचाराल तर बूट लोडरच्या फाइलीत लिहायचा पत्ता हाच. रांगेतल्या जागेवरून दिलेला पत्ता पहिल्या धक्क्याला निकामी होतो.

हे सगळं डोक्यात पक्कं बसलं ते मामांच्या आडत दुकानात. लातूरचं मार्केट यार्ड दिवाळीच्या आगेमागे बघावं. सोयाबीनचे ट्रॅक्टर, टेम्पो, छोटे हत्ती रस्त्यापर्यंत उभे. सौदा निघेस्तोवर शेतकरी पोत्यांवर बसून. पोटलीचा भाव काय निघाला याची कुजबूज. हवेत भुसा इतका, की संध्याकाळी नाक शिंकरलं तर काळं येतं. मामांच्या पेढीवर एका कोपऱ्यात काचेच्या कप्प्यात संगणक. त्यावर हिशोबाचा एक जुना प्रोग्रॅम आहे. तो विंडोज ७ वर चालतो, जुन्या मराठी फॉन्टात पट्टी छापतो, आणि त्याचा लिहिणारा कधीच हा धंदा सोडून गेलाय. वजन आणि भाव मांडून, हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात पडणारी ती पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर करकर करत निघते. मुनीमकाकांना दुसरं काही नको. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबली, म्हणून इंटरनेट त्यावर वापरायचं नाही असं ठरवून मी शेजारच्या वाटणीत लिनक्स बसवून दिलं होतं. बँक, मेल, बाजारभाव लिनक्सवर, पट्टी विंडोजवर. यंत्र चालू करताना ग्रबची यादी यायची, त्यातून हवं ते निवडायचं.

मध्यंतरी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. एका दुरुस्तीवाल्यानं सगळा मजकूर जसाच्या तसा नव्या एसएसडीवर उतरवून दिला आणि जुनी डिस्क पुसून, जास्तीचं काही ठेवायला, आतच राहू दिली. यंत्र पळायला लागलं, मामा खूश. २०२० च्या दिवाळीआधी लिनक्सची नवी आवृत्ती चढवायची वेळ आली. दुकान बंद झाल्यावर मी ते काम लावलं, सगळं नीट उतरलं, कुठं चूक दिसली नाही. सकाळी मामांचा फोन.

"अरे, काळं पडलंय बघ सगळं. इंग्रजीत दोन ओळी आल्यात."

"वाचून दाखवा मामा, काय लिहिलंय?"

"सिंबॉल… ग्रब… कॅलोक का कायतरी… नॉट फाउंड. आन् खाली नुसतं ग्रब रेस्क्यू." मागून मुनीमकाकांचा आवाज: "पट्ट्या हातानं लिहू का मालक? लोक खोळंबलेत."

त्या वर्षी जुलैत ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाचं एक मोठं भगदाड सापडलं होतं. ते बुजवताना मेमरी मागण्याची एक नवी, सावध रीत ग्रबमध्ये घातली गेली. तिचं नाव ग्रब-कॅलोक. नव्या तुकड्यांना ती लागते. आमच्याकडं काय झालं ते औसा रोडवरून मार्केट यार्डाकडं गाडी हाकताना उलगडत गेलं. ग्रब बसवला त्या दिवशी 'कोणत्या डिस्कच्या तोंडाशी लिहू?' असा प्रश्न त्यानं एकदा विचारला होता, आणि दिलेलं उत्तर डिस्कच्या कंपनीच्या क्रमांकासकट लक्षात ठेवलं होतं. तो क्रमांक जुन्या हार्ड डिस्कचा. मजकूर एसएसडीवर गेला तेव्हा ही आठवणही तशीच उतरली. नवी आवृत्ती चढताना त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारण्याची गरजच नव्हती, उत्तर होतं की! जुनी डिस्क अजून आत होतीच. नवं तोंड, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचा तो पहिला तुकडा, तिच्यावर लिहिलं गेलं, बाकीचे नवे भाग एसएसडीवर आले. बायोस मात्र एसएसडीवरून सुरू होणारा. त्यानं तिथलं जुनं तोंड उचललं, त्या जुन्या तोंडानं नवे भाग मागवले, आणि नवे भाग म्हणाले, कॅलोक कुठंय?

एक गेज दुसऱ्याला जुळेना. जुना ग्रब पूर्ण धड होता, नवाही पूर्ण धड होता.

आवृत्ती बदलताना मोडतं ते बहुतेकदा असं, जुनं आणि नवं जिथं एकमेकांना हात देतात तिथं. आणि ती जागा बसवणारी आज्ञावली स्वतः ठेवलेल्या गोष्टींची चोख काळजी घेते. आपण मधे हातानं काय हलवलं, हे तिला कळायला मार्ग नसतो. यात तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. रेल्वेचंही असंच. लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं, २००८ मध्ये तो मार्ग पुरा जोडला गेला, तेव्हा नवी लाइन धाराशिव शहरातून नेली, जिथं जुनी जातच नव्हती. म्हणजे रुंदीकरण म्हणताना वाटच वेगळी आखली. जुन्या स्टेशनांच्या भरवशावर ज्यांनी चहाची टपरी टाकली होती त्यांचं काय, हे रुळांच्या आराखड्यात नसतं.

दुकानात पोचलो. खिशात पेनड्राइव्ह होता. त्यावरून लिनक्स सुरू करायचं, एसएसडी जोडायची, आत शिरायचं आणि तोंड नव्यानं लिहायचं, ही राजमार्गाची पद्धत. पण समोर पंधरा-वीस माणसं उभी, हमाल कट्टे टाकून थांबलेले. मग सुचलं, नवं तोंड जर जुन्या डिस्कवर गेलंय तर तिथूनच जाऊ. एफ१२ दाबलं, यादीतून जुनी डिस्क निवडली. क्षणभर कर्सर लुकलुकला आणि ग्रबची जांभळी यादी समोर.

"आलं की!" मामा म्हणाले. "मग काय बिघडलं होतं?"

"मामा, काहीच बिघडलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टरनं तपासणीचे पैसे घेऊन 'काही नाही' म्हटल्यावर माणूस बघतो. मुनीमकाकांनी तोवर विंडोज निवडून पट्टी काढायला घेतली होती. प्रिंटर करकरला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर बसलो आणि ग्रबची ती जुनी आठवण पुसली, एसएसडीचा क्रमांक दिला, तोंड तिच्यावर लिहिलं. मग यादीकडं वळलो, कारण ती मला आधीपासूनच खटकत होती. आपोआप बनलेली यादी म्हणजे रामभरोसे कारभार. वरती लिनक्स, मग त्याचेच जुने कर्नल, मग मेमरी तपासणी, मग विंडोज दोनदा, एक खरं आणि एक त्याच्या दुरुस्तीची वाटणी. मुनीमकाका रोज सकाळी खालचा बाण मोजून दाबत. एखादा कर्नल वाढला की मोजणी चुकायची.

ग्रबच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावरच ताकीद असते, ही फाइल हातानं बदलू नका. ती बदलायचीच नसते. ती ज्या छोट्या फाइलींपासून शिजते त्या एका फोल्डरमध्ये असतात, प्रत्येकीच्या नावाआधी आकडा, आणि आकड्यांच्या क्रमानं त्या वाचल्या जातात. लिनक्सची फाइल दहा क्रमांकाची. मी नऊ क्रमांकाची एक नवी फाइल केली. वरच्या दोन ओळी तिथल्या शिरस्त्याप्रमाणं, आणि खाली मोजून चार गोष्टी: यादीत दिसायचं नाव, विंडोजची एनटीएफएस ही फाइल-रचना वाचायचा भाग आण, अमुक यूयूआयडीची वाटणी शोध, आणि तिच्या पहिल्या तुकड्याकडं सूत्रं दे. या शेवटच्याला चेनलोडर म्हणतात. ग्रबला विंडोज कसं चालू करायचं हे ठाऊक नसतं. तो विंडोजच्या स्वतःच्या बूट लोडरला हाक मारतो आणि बाजूला होतो. नाव काय द्यायचं म्हणून मुनीमकाकांना विचारलं.

"हिशोब लिवा की. आजून काय?"

रोमन अक्षरांत 'हिशोब' लिहिलं. खाली लिनक्ससाठी 'इंटरनेट'. आपोआप शोधाशोध बंद केली. थांबायची वेळ दहा सेकंद ठेवली. काही न दाबता बसलं तर हिशोब. जुने कर्नल मात्र आत एका उपयादीत ठेवून दिले. नवा कर्नल चढला तरी जुना लगेच न काढण्याची लिनक्सवाल्यांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. नवा उभा राहिला नाही तर परतीची गाडी असते.

पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ग्रबची २.०६ ही आवृत्ती आली आणि दुसऱ्या सिस्टिमी शोधणारा ओएस-प्रोबर तिच्यात मुळातूनच बंद करून ठेवला गेला. कारण पटण्यासारखं होतं. हा शोध्या प्रत्येक वाटणी उघडून बघतो, तेही पूर्ण अधिकारानं. तिथं कुणी काय पेरून ठेवलं असेल कोण जाणे. पण परिणाम असा, की नवी आवृत्ती चढवली आणि यादीतून विंडोज गायब, असं पुष्कळांचं झालं. विंडोज जागच्या जागी होतं, फक्त त्याच्याकडं जाणारी पाटी उतरली होती. ओळखीतल्या दोघातिघांनी घाबऱ्याघुबऱ्या फोन केले. एका फाइलीत एक ओळ घालायची, पुन्हा यादी बनवायची, पाच मिनिटांचं काम. मामांच्या दुकानात काहीच कळलं नाही. तिथली पाटी हातानं लिहिलेली होती.

म्हणून सगळ्यांनी हातानं लिहावं असं माझं म्हणणं नाही. नीट चाललेल्या यंत्रात उगाच बोटं घालणाऱ्यांची मला धास्तीच वाटते, आणि आपल्याकडं अशी हौशी मंडळी काही कमी नाहीत. पण जिथं दोन जगं एका डब्यात नांदतात तिथं सांधा कुणीतरी ओळखीचा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनंतर नव्या यंत्रांवरच्या कितीतरी लिनक्स वाटण्या सुरू होईनात. 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं म्हणून यंत्र बंद. जुन्या, भगदाड असलेल्या बूट लोडरांना दारातच अडवायचं हा हेतू होता, आणि दोन सिस्टिमी असतील तिथं हा नियम लागू होणार नाही असं सांगितलंही गेलं होतं. तरी लागू झाला. मामांचं यंत्र त्या पिढीचंच नाही, त्याला तो दरवान माहीत नाही, म्हणून ते वाचलं.

पण ते किती दिवस वाचणार? नव्या संगणकांत बायोस नाही, यूईएफआय आहे. ५१२ बाइटांची ती चिमुकली जागा आता रिकामी पडते. यूईएफआयला फाइली वाचता येतात. त्याच्यासाठी एक वेगळी वाटणी असते आणि तिच्यात प्रत्येक सिस्टिमचा बूट लोडर साध्या फाइलीसारखा मांडलेला असतो. जुन्या बायोसचं सोंग आणायची सोय २०२० पर्यंत काढून टाकू असं इंटेलनं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे मामांच्या हिशोबाची वाटणी उचलून नव्या यंत्रात तशीच ठेवता येणार नाही. ती लिनक्सच्या आत आभासी यंत्रात चालवायची किंवा प्रोग्रॅमच बदलायचा. पहिला पर्याय मी घरी करून पाहिलाय, चालतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र त्यातून नखरे करतो. पट्टीतला शेवटचा रकाना, नेमका 'देय रक्कम', कागदाबाहेर जातो.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टेबलावरचं सोयाबीन मुठीत घेऊन ओल बघितल्यासारखं चुरगाळलं आणि विचारलं, "आज चालतंय ना?"

"चालतंय."

"मग सोयाबीन होऊ दे. तुरीआधी बघू."